मायबाखचं पोळं

मुरबाड तालुक्यात जुलै उजाडला की चिखलणी सुरू होते. पाऊस दणकून पडलेला असतो, राबातली रोपं लावणीला आलेली असतात आणि गावात ट्रॅक्टर मोजकेच. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या दारात पहाटेपासून माणसं. टोकावडे, धसई, सरळगाव, कुठेही जा, चित्र हेच. आणि नेमका अशा वेळी वीस-पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर खाचराच्या मधोमध उभा राहतो, बॉनेटखालून भसाभस वाफ यायला लागते. पाणी उकळलं, हे निदान करायला तिथे इंजिनिअर लागत नाही. एक जण कळशी घेऊन ओढ्याकडे पळतो, दुसरा घाईघाईने झाकणाला हात घालतो आणि हात भाजून घेतो. उपटून ठेवलेली रोपं काही थांबत नाहीत, रोजावर आणलेली माणसं तर नाहीतच. चार दिवस ट्रॅक्टर बंद म्हणजे लावणी चार दिवस मागे.

मित्रांनो, आपण मेकॅनिकलवाले टीईला हीट ट्रान्सफर नावाचा विषय घासूनपुसून पास होतो. फिनची एफिशियन्सी काढतो, चार्ट बघतो, व्हायव्हात एल.एम.टी.डी.चा फुल फॉर्म सांगतो. पण ट्रॅक्टरच्या तोंडावर जी जाळी असते, ज्याला आपण रेडिएटर म्हणतो, ती कल्पना आली कुठून हे आपल्याला कोणी विचारत नाही. या जाळीचा इतिहास काढायला गेलं की एका माणसापाशी थांबावं लागतं. त्याचं नाव विल्हेल्म मायबाख. हे नाव आज ऐकलं की कोट्यवधींची मोटार आणि मागच्या सीटवर बसलेला उद्योगपती डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हा माणूस सुताराचा मुलगा, अनाथाश्रमात वाढलेला.

त्याचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा. आई 1854 मध्ये गेली, वडील 1856 मध्ये. दहा वर्षांचं पोर भावांसकट उघड्यावर पडलं. आप्तांनी वर्तमानपत्रात मदतीची विनंती छापली आणि रॉयटलिंगेन गावात गुस्टाव्ह वेर्नर नावाचे एक धर्मोपदेशक अनाथ मुलांसाठी संस्था चालवत होते, त्यांनी विल्हेल्मला ठेवून घेतलं. ही संस्था म्हणजे नुसतं जेवणखाण आणि प्रार्थना असा प्रकार नव्हता. तिचा स्वतःचा कारखाना होता, त्यात यंत्रं आणि शेतीची अवजारं बनत, आणि मुलं तिथेच काम शिकत. वेर्नरसाहेबांच्या लक्षात आलं की या मुलाचा हात ड्रॉइंगला चांगला आहे. पंधराव्या वर्षी तो ड्रॉइंग ऑफिसात बसू लागला. दिवसभर काम, संध्याकाळी गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान आणि चित्रकला. त्याची डिग्री म्हणायची तर एवढीच.

1860 च्या दशकात या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून गॉटलीब डाइम्लर आला. डाइम्लर मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा, रीतसर शिकलेला, महत्त्वाकांक्षी आणि भांडखोर. मायबाख अबोल. या दोघांची जोडी जमली ती डाइम्लरच्या मरणापर्यंत टिकली. डाइम्लर 1869 मध्ये कार्ल्सरूहेला गेला, मागोमाग मायबाख. 1872 मध्ये डाइम्लर कोलोनजवळच्या डॉइट्झ इथल्या गॅस इंजिनांच्या कंपनीत गेला, मायबाख पुन्हा मागे. तिथे तो मुख्य डिझायनर झाला. याच कंपनीत निकोलाउस ऑटोने 1876 मध्ये फोर स्ट्रोक इंजिन उभं केलं, जे आपण ऑटो सायकल म्हणून शिकतो. ते इंजिन कारखान्यात बनवण्याजोगं आणि गिऱ्हाइकाला विकण्याजोगं करायचं काम मायबाखचं. पुस्तकात सायकलला नाव ऑटोचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण कल्पना आणि विकाऊ यंत्र यांच्यामध्ये जे अंतर असतं ते कोणीतरी कापावं लागतं. मायबाखने आयुष्यभर तेच केलं.

डॉइट्झ हे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना परकं वाटायचं कारण नाही. 1970 च्या दशकात नाशिकला किर्लोस्करांनी याच डॉइट्झच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले होते. गंमत म्हणजे ते हवेने थंड होणारे होते. त्यांना रेडिएटरच नव्हता, त्यामुळे पाणी उकळण्याचा प्रश्नही नव्हता. बाकी कटकटी होत्याच, पण तो वेगळा विषय.

डॉइट्झमध्ये डाइम्लरचं ऑटोशी पटेना. 1882 मध्ये तो कानश्टाटला परतला आणि बंगल्याच्या बागेतल्या काचघरात त्याने वर्कशॉप थाटलं. मायबाख अर्थातच बरोबर. दोघं रात्रंदिवस आत काय करतात हे माळ्याला कळेना. खोट्या नाण्यांची टांकसाळ असणार असं धरून त्याने पोलिसांत वर्दी दिली. पोलिसांनी रात्री जाऊन झडती घेतली, तर आत फक्त इंजिनाचे भाग. आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपवर अजून अशी धाड पडलेली नाही, कारण आपण रात्री तिथे नसतोच.

त्या काचघरात इंजिनाचा वेग वाढवायचं काम चाललं होतं. त्या काळची गॅस इंजिनं जेमतेम दीडशे-पावणेदोनशे फेऱ्यांनी चालत, आणि त्यांचं वजन एवढं की जागेवरून हलवायचं तर बैल लागावेत. मायबाखने 1883 मध्ये केलेलं इंजिन मिनिटाला 600 फेऱ्या मारत होतं. दोन वर्षांनी ते दुचाकीत बसवलं, 1886 मध्ये घोडागाडीत. आता इथे लक्ष द्या. इंजिनात जाळलेल्या इंधनाची साधारण एक तृतीयांश उष्णता चाकाला मिळते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली सिलेंडरच्या भिंतींतून बाहेर काढावी लागते. हा ढोबळ हिशेब आहे, पण चालतो. फेऱ्या वाढल्या की दर मिनिटाला जळणारं इंधन वाढतं आणि भिंतींतून काढायची उष्णताही वाढते. इंजिन मात्र लहान झालेलं असतं, म्हणजे भिंतींचं क्षेत्रफळ कमी. छोटं आणि ताकदवान इंजिन करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने ही आग आपल्या दारात आणून ठेवली होती.

त्या काळी यावर उपाय काय? कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकीत पाणी सरळ उकळू द्यायचं आणि वाफ हवेत सोडायची अशी सोय होती. पाणी संपलं की भरायचं. त्याची बायको बेर्था 1888 मध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीने गेली, सुमारे शंभर किलोमीटर, आणि वाटेत मिळेल तिथे पाणी घालत गेली. म्हणजे कळशी घेऊन ओढ्याकडे पळणारा आमचा गडी आणि बेर्थाबाई एकाच शाळेतले.

मायबाखचा पहिला उपाय मला फार आवडतो. 1889 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याने एक गाडी केली, सायकलसारखी तारेच्या चाकांची आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची. नळ्या पोकळ आहेतच, तर इंजिनाचं पाणी त्यांतूनच फिरवायचं! गाडीचा सांगाडा हाच तिचा रेडिएटर. कल्पना सुंदर होती, पण सांगाड्याच्या नळीला बाहेरून हवा लागून लागणार किती? दीड-दोन हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ती पुरली. इंजिन वाढलं असतं तर पुरली नसती.

पुढची काही वर्षं भांडणात गेली. 1890 मध्ये डाइम्लरच्या धंद्याची भागीदारांसह कंपनी झाली. पैसा भागीदारांचा, त्यामुळे शब्दही त्यांचाच. मायबाखला दिलेल्या अटी इतक्या अपमानकारक होत्या की 1891 च्या सुरुवातीला तो बाहेर पडला. डाइम्लरने त्याला गुपचूप पैसे पुरवले. कानश्टाटमधल्या बंद पडलेल्या हेर्मान हॉटेलचा हॉल भाड्याने घेऊन मायबाख मूठभर कामगारांसह पुन्हा कामाला लागला. तिथेच फिनिक्स इंजिन झालं आणि 1893 च्या सुमारास बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर. तिकडे मूळ कंपनी त्याच्याशिवाय डबघाईला आली आणि 1895 मध्ये भागीदारांना दोघांनाही सन्मानाने परत बोलवावं लागलं. परत आल्यावर त्याने पाणी थंड करण्याचा प्रश्न पुन्हा हातात घेतला. 1897 च्या सुमारास त्याने एका डब्यात बारीक नळ्या बसवल्या. नळ्यांभोवती पाणी, नळ्यांतून हवा, आणि हवा ओढायला पंखा.

मग उजाडलं 1900 साल. नीस शहरात एमिल येलिनेक नावाचा एक श्रीमंत आणि हट्टी व्यापारी डाइम्लरच्या गाड्या विकत असे आणि शर्यतीत उतरवत असे. मार्च महिन्यात तिथल्या ला तुर्बीच्या घाटात कंपनीचा विल्हेल्म बाउअर नावाचा चालक फिनिक्स गाडी आपटून मेला. गाडी उंच, आखूड आणि पुढे जड होती, वळणावर ती उलटणारच. त्याच महिन्यात, 6 तारखेला, डाइम्लरही वारला होता. कंपनीतले बरेच लोक शर्यतींचा नादच सोडावा म्हणू लागले. येलिनेकचं म्हणणं उलट होतं. गाडी लांब करा, रुंद करा, बुटकी करा, हलकी करा आणि इंजिन आणखी जोरदार बसवा. त्याने साडेपाच लाख मार्कांना 36 गाड्या एकदम मागितल्या. एक अट अशी की गाडीला त्याच्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज.

चोपन्न वर्षांच्या मायबाखने, चौतीस-पस्तीस वर्षांचा जोडीदार नुकताच गेलेला असताना, काही महिन्यांत ती गाडी कागदावर उतरवली. चार सिलेंडर, 5.9 लिटर, 35 हॉर्सपॉवर. बॉनेट खाली आणायचं तर जड पाण्याचा डबा नको. डबा लहान केला तर 35 हॉर्सपॉवरची उष्णता जाणार कुठे? इथे त्याने आपला नळ्यांचा डबा टोकाला नेला. 6 मिलिमीटर बाय 6 मिलिमीटरच्या 8,070 चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या-आडव्या रचल्या आणि झाळून एक चौकट केली. नळ्यांतून हवा आरपार जाते, त्यांच्यामधल्या निरुंद फटींतून पाणी झिरपत खाली येतं, आणि मागे पंखा. समोरून पाहिलं तर मधमाश्यांचं पोळं दिसतं म्हणून त्याला नावही तेच पडलं.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. एका नळीचा आतला परीघ 24 मिलिमीटर धरा. 8,070 नळ्या म्हणजे जवळपास 194 मीटर परीघ. नळीच्या दर एक सेंटीमीटर लांबीमागे हवेला सुमारे 1.9 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो! हवा जायची वाट मात्र सगळी मिळून 0.29 चौरस मीटर, म्हणजे एखाद्या छोट्या खिडकीएवढी. आधीच्या गाडीला 18 लिटर पाणी लागायचं, या गाडीला 9 पुरलं. हे अर्धं झालेलं पाणी मला त्या 8,070 आकड्यापेक्षा मोठं वाटतं. तोवर सगळे उष्णता साठवायला जास्त पाणी घेत होते. मायबाखने पाणी कमी घेतलं आणि ते लवकर थंड करून परत पाठवलं.

आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत 35 हॉर्सपॉवरच्या आसपासचे पुष्कळ. म्हणजे मायबाखपुढे होता तेवढाच प्रश्न खाचरात उभा असतो. फरक असा की ट्रॅक्टरच्या जाळीत पाणी चपट्या नळ्यांच्या आतून उतरतं आणि हवा बाहेरच्या पत्र्यांमधून जाते, मायबाखच्या पोळ्यात हे उलट होतं. आठ हजार नळ्या झाळणं महाग आणि गळतीला निमंत्रण, म्हणून पोळं मागे पडलं. पण पाण्याचे आणि हवेचे बारीक बारीक वाटे करून ते पातळ धातूच्या दोन बाजूंना फिरवायचे आणि मागून पंख्याने ओढायचं, ही युक्ती तीच. चिखलात ताशी तीन-चार किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॅक्टरला समोरून वारा लागतच नाही, त्याचा सगळा भार पंख्यावर.

आणि मायबाखची युक्ती जिथे बारीक, तिथेच ती तुंबते. मुरबाडच्या गॅरेजमध्ये उकळणारा ट्रॅक्टर आला की जाणता मिस्त्री आधी जाळीच्या हवेच्या बाजूकडे बघतो. झोडणीच्या दिवसांतला पेंढ्याचा भुसा, वाळलेला चिखल आणि डिझेलचा तेलकटपणा यांचा पत्र्यांमध्ये घट्ट लगदा झालेला असतो. तो पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, बेताच्या जोराच्या पाण्याने धुवायचा. सर्व्हिस सेंटरचा फवारा जवळून मारला तर पत्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. अर्धे ट्रॅक्टर एवढ्यावरच बरे होतात. मग फॅन बेल्ट. अंगठ्याने दाबला तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही आळशी.

हवेच्या बाजूचा दोष नसेल तर पाण्याची बाजू. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडायचं. याचं कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात आहे: झाकणाने अर्धा बार दाब धरला की पाणी 111 अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण काढलं की दाब एकदम उतरतो आणि 105 अंशांचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं हा त्याहून मोठा गुन्हा, बिडाचं हेड तडकतं.

खालची तोटी सोडली की गंजाचं तांबडं पाणी येतं आणि मग गढूळ गाळ. आमच्या भागात उन्हाळ्यात काळ्या दगडातलं विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये पडतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर चुन्यासारखे बसतात. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, आपल्या नेहमीच्या एककात, 400 च्या आसपास, बिडाची 50 आणि या खाराची 1 ते 2. म्हणजे सिलेंडरभोवती एक मिलिमीटर खार बसला तर बिडाची भिंत किमान 25 मिलिमीटरने जाड केल्यासारखं झालं! मायबाखने एकेक मिलिमीटर वाचवला आणि आपण तो विहिरीच्या पाण्याने भरून काढला.

हा खार काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालतं. ते पाण्यात विरघळवून भरायचं, इंजिन कोमट होऊन थोडा वेळ चालू द्यायचं, सगळं सोडून द्यायचं, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. शेवटच्या आधीच्या पाण्यात थोडा खायचा सोडा टाकला की उरलंसुरलं आम्ल मरतं. काही जण संडास साफ करायचं आम्ल ओततात. ते खार खातं हे खरं, पण त्याचबरोबर डागही खातं आणि ट्रॅक्टर चाळणी होऊन परत येतो. गाळ काढताना पाणी उलट सोडायचं, खालच्या तोंडातून वर. वरून सोडलं तर कचरा नळ्यांच्या तोंडात आणखी ठासला जातो. ब्लॉक वेगळा धुवायचा, थर्मोस्टॅट काढून, कारण जाळी साफ केली आणि ब्लॉकमधला गाळ तसाच राहिला तर आठवड्यात तो पुन्हा जाळीत येतो.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून चुलीवर ठेवायचा. पाणी उकळीला येईपर्यंत तो उघडला पाहिजे. न उघडणारा फेकून नवा बसवायचा. पुष्कळ जण जुना काढतात आणि नवा बसवतच नाहीत, म्हणजे कटकटच नको. मग इंजिन कायम थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि सिलेंडर लवकर झिजतात. खालचा होस पाइप दाबून बघायचा. आतून पिचलेला पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि वरून मात्र धडधाकट दिसतो. यानेही नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत तर वरची टाकी तापवून सोडवायची आणि एकेका नळीतून पट्टी घालून खार खरवडायचा, मग टाकीला परत डाग द्यायचा. हे काम करणारे हात आता कमी होत चाललेत. नवीन जाळ्या ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या, त्या बहुधा बदलतातच. आणि एवढं सगळं करून इंजिन चालू असताना वरच्या टाकीत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर दोष हेड गॅस्केटचा. तिथे जाळी कितीही धुतली तरी उपयोग नाही. शेवटी भरायचं ते कूलंट, कंपनी सांगेल त्या प्रमाणात, क्षार काढलेल्या पाण्यात. मुरबाडमध्ये पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणीही विहिरीपेक्षा शतपटीने बरं. आकाशातून एवढं फुकट पडतं, आणि आपण विहिरीला पोहरा लावतो!

मायबाखची पहिली मर्सिडीज 22 डिसेंबर 1900 ला येलिनेकच्या हवाली झाली. मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत या गाड्यांनी बाकीच्यांची दाणादाण उडवली. मोटार म्हणजे घोडा काढलेली घोडागाडी हा समज त्या आठवड्यात संपला. पुढे जाळी, मग इंजिन, मग माणसं, हा आकार तिथून रूढ झाला. फ्रेंच लोक मायबाखला डिझायनरांचा राजा म्हणू लागले. मर्सिडीज हे नाव 1902 मध्ये कंपनीने नोंदवून घेतलं. 1926 मध्ये डाइम्लर आणि बेंझ या कंपन्या एकत्र आल्या. म्हणजे गाडीवर येलिनेकच्या मुलीचं नाव, कंपनीवर डाइम्लर आणि बेंझचं. कल्याण-मुरबाड रस्त्यावर वर्षानुवर्षं माणसं कोंबून धावलेल्या ट्रॅक्स गाड्यांत, पुण्याच्या बजाज टेम्पोने याच डाइम्लर-बेंझकडून तंत्र घेऊन बनवलेलं डिझेल इंजिन असे. त्या गाड्यांच्या काचांवर आई-बापाची, देवांची, पोरांची नावं असत. ज्याने हा सांगाडा आखला त्याचं नाव कुठेच नव्हतं.

कंपनीतही त्याचे दिवस भरत आले होते. डाइम्लर गेल्यावर त्याच्या पाठीशी उभं राहणारं कोणी उरलं नाही. डिझाइनचं काम डाइम्लरच्या मुलाकडे, पाउलकडे, सरकत गेलं. मायबाखला बाजूला बसवण्यात आलं. 1907 मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो कंपनी सोडून गेला. मला वाटतं इथे त्याचा स्वभावही त्याला नडला. एकाच माणसावर निष्ठा ठेवून चौतीस-पस्तीस वर्षं काम करणाऱ्याला तो माणूस गेल्यावर ऑफिसातलं राजकारण जमत नाही. त्यात तो लेखी तक्रारी करण्यापलीकडे भांडू शकत नव्हता. डाइम्लर असता तर टेबल उलटून टाकलं असतं.

पुढच्याच वर्षी, 5 ऑगस्ट 1908 ला, काउंट झेपेलिनचं प्रचंड हवाई जहाज इंजिनाच्या बिघाडामुळे एश्टरडिंगेनला उतरवावं लागलं आणि वादळात सापडून जळून खाक झालं. मायबाखने झेपेलिनला कळवलं की माझ्या मुलाने, कार्लने, हवाई जहाजासाठी चांगलं इंजिन आखलं आहे. 1909 मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, ती पुढे फ्रीडरिशहाफेनला गेली आणि तिला अखेर मायबाख हे नाव मिळालं. कंपनी चालवत होता कार्ल, बाप सल्ल्याला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिनं करायला बंदी आली तेव्हा कार्लने 1921 मध्ये मोटारी काढल्या. मोठ्या, जड, महागड्या. सुताराच्या मुलाचं नाव असं श्रीमंतांच्या गाडीवर जाऊन बसलं. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीची इंजिनं जर्मन रणगाड्यांत होती. ते बघायला विल्हेल्म हयात नव्हता. मोटारी त्या युद्धाबरोबर बंद पडल्या आणि नाव 2002 मध्ये पुन्हा बाजारात आणलं गेलं, तेही मर्सिडीजवाल्यांनीच.

श्टुटगार्टच्या तंत्र विद्यापीठाने 1916 मध्ये मायबाखला सन्माननीय डॉक्टरेट दिली, तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. 29 डिसेंबर 1929 ला श्टुटगार्टमध्ये तो वारला. त्याला कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत पुरलं, तिथेच डाइम्लरचीही कबर आहे.